इंटिग्रेटेड डिशवॉशरसाठी किचनचं जुनं शटर कापताना: माप बंद दाराचं नाही, उघडलेल्या दाराचं घ्या

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत पाइप गॅस आला आणि ओट्याखालचा सिलिंडरचा खण रिकामा झाला. दोन फुटांचा खण, आत फळी नाही, मागे नळ जवळ, म्हणजे डिशवॉशरसाठी जणू आधीच ठेवलेली जागा. मला मशीनचं स्टीलचं तोंड किचनमध्ये दिसायला नको होतं म्हणून इंटिग्रेटेड मॉडेल घेतलं, ज्याच्या दारावर आपल्याच किचनचं शटर चढतं आणि बाहेरून बाकीच्या कपाटांसारखंच दिसतं. शटर तर होतंच, तेच काढायचं नि मशीनवर लावायचं असं वाटलं होतं. तसं होत नाही. आमचं पहिलं शटर मी बंद दाराचं माप धरून कापून घेतलं आणि पहिल्याच उघडझापेला ते खाली स्कर्टिंगला (कपाटांच्या तळाशी, जमिनीलगत असते ती पट्टी) धडकून त्याच्या सनमायकाचा टवका उडाला. दुसऱ्यांदा नीट केलं ते सगळं इथे क्रमाने लिहितेय.

आधी तुमचं शटर कापण्यासारखं आहे का ते बघा, कारण सगळी शटर्स कापता येत नाहीत. प्लाय किंवा एचडीएचएमआरवर (ओल सहन करणारा दाबलेला बोर्ड) सपाट सनमायका लावलेलं शटर असेल तर निवांत, ते कापून नवीन एज बँड (उघडी कड झाकणारी पट्टी) लावला की झालं. एमडीएफवर पीव्हीसी मेंब्रेन गुंडाळलेलं असेल (कोपरे गोलसर आणि पुढे नक्षी कोरलेली असते ते) तर त्याला करवत लावू नका, कापलेल्या कडेपासून फॉइल सुटत जातं आणि वाफ लागली की लवकरच सोलून निघतं. चौकट असलेलं शटर, म्हणजे चार बाजूंना पट्ट्या आणि मध्ये खोलगट पॅनल, एका बाजूने कापलं की तेवढीच पट्टी बारीक दिसते आणि ते कायम डोळ्यात खुपत राहतं. पीयू पेंटचं कापता येतं पण पूर्ण पुन्हा रंगवावं लागतं. काचेचं अॅल्युमिनियम फ्रेमवालं तर विसराच. या सगळ्यांत नवीन पॅनल करून घेणंच स्वस्त पडतं, आणि खाली दिलेली मापं घ्यायची पद्धत तीच राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मशीन आधी बसवायचं आणि मग शटरचं माप घ्यायचं. दुकानातून यायच्या आधीच शटर कापून तयार ठेवू नका. खणाची उंची आधी मोजा पण ती मशीन मावतं का हे बघायला. साध्या उंचीची इंटिग्रेटेड मशीन्स साधारण ८१५ मिमी पासून पुढे पाय फिरवून ८७५ पर्यंत वर जातात. आपला ओटा बहुतेक घरांत ३४ इंच, म्हणजे ८६४ मिमी, त्यातून वरचा ग्रॅनाइट आणि खालचा कडप्पा मिळून ४०-४५ मिमी गेले की हातात ८२० च्या आसपासच उरतं. म्हणजे मावतं, पण जेमतेम. आणि मोजताना फक्त पुढे मोजू नका, मागे भिंतीपाशी, डावीकडे, उजवीकडे असं चार ठिकाणी मोजा, कडप्पा खालून सपाट नसतो. ज्यांनी जुन्या टाइल्सवर नवीन टाइल्स लावून घेतल्यात त्यांनी तर जास्तच जपून, एक तर पंधरा-वीस मिमी तिथेच गेलेले असतात आणि कधी कधी खणाच्या आत जुनी फरशी तशीच राहिलेली असते, मग पुढे उंबरठ्यासारखा कट तयार होतो आणि मशीन आत-बाहेर सरकवताना पाय त्यात अडकतात. ओटा कडप्प्याच्या उभ्या पाट्यांवर टेकलेला असेल आणि खण अरुंद पडत असेल तर ती उभी पाटी छिलायला किंवा काढायला कुणालाही सांगू नका, वरच्या दगडाचा सगळा भार तिच्यावर असतो.

प्लंबिंग आणि लाइटबद्दल थोडक्यात: प्लगपॉइंट मशीनच्या मागे नको, शेजारच्या कपाटात घ्या, म्हणजे मशीन न काढता बंद करता येतं. पाण्याचा कॉकही तसाच शेजारी. ड्रेनचा पाइप मागे दबला जाणार नाही हे बघून मशीन आत सरकवा, स्पिरिट लेव्हल ठेवून पाय फिरवा (मागचा पाय बहुतेक मशीन्सना पुढूनच स्क्रूने वर-खाली होतो), आणि मशीन खणाला पक्कं करा. लाकडी ओटा असता तर वरून स्क्रू मारले असते, पण आपल्याकडे वर दगड असतो, त्यामुळे बाजूच्या प्लायच्या उभ्या पॅनलला बाजूचे ब्रॅकेट वापरून पक्कं करायचं. हे टाळू नका. दोन्ही रॅक भरून बाहेर ओढल्या आणि दार उघडं असलं की अख्खं मशीन पुढे कलतं.

मशीन हललं नाही की मग टेप हातात घ्यायची.

रुंदीपासून सुरू करू, कारण सुताराने जागेवर बनवलेल्या आपल्या किचनमध्ये इथे एक अडचण येते जी मशीनबरोबरच्या पुस्तिकेत नसते. ती पुस्तिका असं धरून चालते की मशीनच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र कपाटं आहेत आणि त्यांची शटर्स आपापल्या बाजूच्या पॅनलला पूर्ण झाकतात. आपल्याकडे दोन खणांच्या मध्ये एकच उभं पॅनल असतं आणि दोन्हीकडची शटर्स त्याच्यावर अर्धी-अर्धी चढतात. आमचा खण आतून ६०५ मिमी, पण जुनं शटर ६२० मिमी, कारण ते दोन्ही बाजूंच्या पॅनलवर थोडं थोडं चढलेलं होतं. बिजागरीवर बाजूला उघडणाऱ्या शटरला ते चालतं. पण डिशवॉशरचं दार खाली उघडतं, आणि त्याची बिजागरी शटरच्या अगदी तळाशी नसते, थोडी वर असते. म्हणजे बिजागरीच्या खाली शटरचा जो भाग लोंबतो तो दार उघडताना मागे, खणाच्या आत जातो. तो जर खणापेक्षा रुंद असेल तर दोन्ही बाजूंच्या पॅनलला धडकणारच. म्हणून शटर खणाच्या आतल्या रुंदीपेक्षा कमीच हवं, दोन्हीकडे अडीच-तीन मिमी सोडून. आम्ही ६२० चं ६०० केलं.

मग बाजूच्या पॅनलची दहा-दहा मिमी कड उघडी पडते ना, तिचं काय? त्याचा उपाय मला फार आवडला आणि तो आमच्या मिस्त्रींनी सुचवला. "ताई, कापलेला तुकडा टाकू नका, त्याचीच पट्टी लावू." शटरमधून २० मिमी काढले, त्यात करवतीच्या पात्याने तीन खाल्ले, उरलेल्या सतराचे मधोमध उभे दोन केले की सात-सात मिमीच्या दोन पट्ट्या मिळाल्या, त्याच सनमायकाच्या. त्या पॅनलच्या कडेवर, खणाच्या आतल्या बाजूशी मिळवून चिकटवल्या. शेजारचं शटर उघडताना लागू नये म्हणून त्याच्या आणि पट्टीच्या मध्ये तीन-साडेतीन मिमी फट राहू दिली. लांबून कळतसुद्धा नाही.

आता उंची. वरची कड सोपी आहे, शेजारच्या शटर्सच्या वरच्या रेषेला दोरा लावा किंवा लांब पट्टी धरा आणि तीच रेषा ठेवा. ओट्यापासून मोजू नका, ओट्याची रेषा आणि शटर्सची रेषा एकच असेल असं नाही आणि डोळा शटर्सची रेषा बघतो.

खालच्या कडेत मी चुकले होते. जुन्या शटरची उंची ७१० मिमी, पुस्तिकेत त्या मशीनला ६५५ ते ७२५ पर्यंतचं पॅनल चालतं असं होतं, म्हणून मी उंची तशीच ठेवली. शटर आणि स्कर्टिंगमध्ये पाच मिमी फट होती, तेवढी पुरेल असं वाटलं. पण तळाची कड सरळ मागे जात नाही, ती आधी कमानीत खाली उतरते आणि मग मागे जाते. कागदावर काढून बघा. समजा बिजागरीच्या खाली शटर ६० मिमी लोंबतंय आणि शटरचा पुढचा पृष्ठभाग बिजागरीच्या ४० मिमी पुढे आहे. बंद असताना तळ बिजागरीपासून ६० मिमी खाली. पण फिरताना शटरचा पुढचा-खालचा कोपरा ज्या वर्तुळावर फिरतो त्याची त्रिज्या ६० आणि ४० च्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, म्हणजे ७२ मिमी. म्हणजे मधल्या एका क्षणी तो कोपरा बारा मिमी आणखी खाली जातो. पाच मिमीची फट कुठे पुरणार? आणि मग मागे जाताना स्कर्टिंग जर पुढेच असेल तर त्याला आत ढकलतो.

हे गणित प्रत्येकाला करत बसायला नको म्हणून सोपा उपाय, पुठ्ठ्याचं शटर. मशीनचं खोकं फेकू नका, त्याचा जाड पुठ्ठा घेऊन दोन थर चिकटवा आणि शटरच्या जाडीएवढं करायला खालच्या कडेला प्लायची एक पट्टी लावा (सनबोर्ड असेल तर अजून छान). तुम्हाला हवं त्या मापाचं हे खोटं शटर मशीनच्या दारावर मास्किंग टेपने घट्ट चिकटवा आणि दार अगदी हळू उघडा, एक माणूस खाली जमिनीवर टॉर्च घेऊन झोपलेला. कुठे घासतंय, कुठे अडतंय ते तिथेच दिसतं. पेन्सिलने खूण करा, पुठ्ठा कापा, परत उघडा. माझ्या मते या सगळ्या कामातली ही पंधरा मिनिटंच खरी कामाची आहेत, बाकी सगळं कुठलाही चांगला सुतार करून देतो.

अडत असेल तर दोन मार्ग. शटर खालून कमी करा, किंवा स्कर्टिंग कमी करा. शटर कमी केलं की शेजारच्या शटर्सची खालची रेषा मोडते, किचनमध्ये शिरल्या शिरल्या दिसतं. म्हणून मी म्हणेन स्कर्टिंगला हात लावा: तेवढ्या दोन फुटांतलं स्कर्टिंग सुटं करून मागे सरकवा आणि वरून हवं तेवढं कापा, ते सावलीत असतं, कुणाला दिसत नाही. आमचं चार इंची पीव्हीसी स्कर्टिंग क्लिपवर होतं त्यामुळे अर्ध्या तासाचं काम. तुमचं स्कर्टिंग टाइलचं किंवा ग्रॅनाइटचं पक्कं बसवलेलं असेल तर मात्र शटरच कापावं लागेल. अजून मशीन घेतलं नसेल तर सरकत्या बिजागरीचं मॉडेल मिळतंय का विचारा, त्यात दार उघडताना शटर आपोआप वर सरकतं आणि तळ इतका मागे जात नाही.

माप ठरलं. कागदावर लिहिताना एकच एकक ठेवा. मिस्त्री सुतात बोलतात, एक इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिमीच्या किंचित वर. पुस्तिका मिमीत. या बदलाबदलीत दोन-तीन मिमी सहज हरवतात आणि इथे आपली अख्खी फटच तेवढी आहे. मी मिमीची पट्टी त्यांच्या हातात दिली आणि शटरच्या मागेच मार्करने आकडा लिहिला. आणि लिहिला तो एज बँड धरून नाही, वजा करून: पूर्ण रुंदी ६०० हवी, कापलेल्या कडेला दोन मिमीचा बँड लागणार, तर काप ५९८ वर. उंची कापणार असाल तर तिथेही तसंच.

कुठल्या बाजूने कापायचं? जुन्या बिजागऱ्यांच्या बाजूने नको. शटरच्या मागे बिजागरीच्या कपची ३५ मिमी व्यासाची गोल खोबण असते, कडेपासून जेमतेम चार-पाच मिमीवर. त्या बाजूने वीस मिमी काढले की खोबण अर्धी कापली जाते आणि कडेला चंद्रकोरीसारखं भोक दिसतं. दुसऱ्या बाजूने कापा. त्या बाजूला उभ्या हँडलची भोकं असतील तर मात्र पंचाईत होते, कारण डिशवॉशरला हँडल वर आडवं आणि मधोमध लागतं, बाजूच्या हँडलने ओढलं तर दार पीळ खातं. भोकं पुढून दिसणारच, तेव्हा ती लाकडी खुंट्यांनी बुजवून पुढे पूर्ण नवीन सनमायका चढवावा लागेल, आणि तसं करायचंच असेल तर मग शेजारच्या दोन शटर्सच्या शेडशी जुळवून बघा, जुना सनमायका उजेडाने किंचित उतरलेला असतो. आमच्याकडे वरच्या कडेवर चढवलेलं अॅल्युमिनियमचं प्रोफाइल हँडल होतं त्यामुळे सुटलो. ते आधी काढून वेगळं कापलं, धातूच्या पात्याने.

कापताना सनमायकाचे टवके हीच भीती. कापायच्या रेषेवर दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावा, टेपवर रेषा काढा, धारदार कटरने पट्टीला धरून रेषेवरून तीन-चार वेळा ओढा म्हणजे सनमायका आधीच चिरला जातो. मग हातातलं सर्क्युलर कटर असेल तर चांगली बाजू खाली ठेवून कापा, कारण त्याचं पातं खालून वर कापत येतं आणि टवके वरच्या बाजूला उडतात. टेबल सॉ असेल तर उलट, चांगली बाजू वर. पातं बारीक दातांचं, साठ किंवा जास्त दातांचं आणि नवीन. कटरला सरळ पट्टीचा आधार क्लॅम्पने बांधून द्या, नुसत्या हाताने सरळ येत नाही. जिगसॉने लांब काप घेऊ नका, पातं आत वळतं आणि कड तिरकी होते. चष्मा आणि मास्क लावाच, सनमायकाचा भुसा घशाला लागतो. स्वतःकडे हत्यारं नसतील तर शटर आणि आकडा घेऊन जवळच्या मॉड्युलर किचनच्या वर्कशॉपमध्ये जा, पॅनल सॉवर काप आणि मशीनने एज बँड दोन्ही तिथेच होतं आणि घरच्या कामापेक्षा ते नक्कीच साफ होतं. मी दुसऱ्या वेळी तेच केलं.

एज बँड घरी लावायचा असेल तर मागे गोंद असलेला पातळ बँड इस्त्रीने लागतो, पण खालची कड रोज पोछ्याच्या पाण्याजवळ आणि वरची कड वाफेजवळ असते, तिथे तो फार दिवस धरत नाही. दोन मिमीचा पीव्हीसी बँड मशीनवरच लावून घ्या. बँड लावायच्या आधी प्लायची उघडी कड पॉलिश पेपरने घासून सीलरचे दोन हात द्या, विशेषतः तळाची. प्लाय फुगतो तो कडेनेच पाणी पिऊन. आणि जुन्या बिजागऱ्यांच्या खोबणी ३५ मिमीच्या लाकडी चकत्या फेविकॉल मरीन लावून बसवून बुजवा, मशीनच्या ब्रॅकेटचा स्क्रू नेमका तिथे आला तर धरायला लाकूड हवं.

शटर चढवण्याआधी एकदा वजन करा, बाथरूमचा वजनकाटा चालतो, आधी स्वतःचं आणि मग शटर घेऊन. साधारण सहाशे बाय सातशे मापाचं १८ मिमी प्लायचं सनमायकासकट शटर सहा किलोच्या आसपास भरतं. मशीनच्या दाराच्या स्प्रिंगला किती किलोपर्यंत चालतं हे पुस्तिकेत असतं, दगडी किंवा जाड काचेचं काही लावायचा विचार असेल तर ते नक्की बघा.

मशीनबरोबर एक मोठा कागदी नमुना येतो, स्क्रूच्या जागा छापलेला. त्याची मध्यरेषा आणि शटरच्या मागे पेन्सिलने काढलेली मध्यरेषा जुळवून चिकटवा आणि छिद्रांच्या जागी टोच्याने खूण करा. शटरची मध्यरेषा कापल्यानंतर काढायची हं, जुनी नाही. ड्रिलच्या पात्याला टोकापासून बारा मिमीवर टेपचा झेंडा लावा आणि टेप लाकडाला टेकली की थांबा, नाहीतर पुढचा सनमायका फुगतो किंवा फुटतो आणि इतकं केलेलं सगळं वाया. स्क्रू सोळा मिमीच्या पुढे नको. मागून स्क्रू येणारं हँडल असेल तर ते आत्ताच लावा आणि त्याच्या स्क्रूची डोकी लाकडात बुडवा, कारण शटरची पाठ मशीनच्या दाराला चिकटून बसते, डोकं वर राहिलं की शटर तिरकं बसतं.

मग शटर हुकांवर अडकवा, वरचे दोन स्क्रू अर्धवट लावा, दार बंद करून लांब उभं राहून बघा. डावी-उजवी फट सारखी आहे का, वरची रेषा शेजाऱ्यांशी मिळते का. सरकवायला थोडी जागा असते. जमलं की बाकीचे स्क्रू, शेवटी पूर्ण घट्ट. आणि आता दार परत एकदा अगदी हळू पूर्ण उघडा, खाली टॉर्च घेऊन कुणीतरी असू द्या.

शेवटचं काम स्प्रिंगचं, आणि हे बरेच जण करतच नाहीत. शटरचं वजन चढल्यावर दार अर्ध्यावर सोडलं तर धाडकन खाली पडतं, बिजागरी आणि शटर दोन्हींवर दणका. मशीनच्या दाराखाली पुढच्या बाजूला डावीकडे-उजवीकडे दोन स्क्रू असतात, ते दोन्ही सारखेच फिरवत जा, जोवर दार अर्ध्यावर सोडलं तर तिथेच उभं राहतं. आपोआप पडतंय तर घट्ट करा, आपोआप मिटतंय तर सैल. एकीकडे जास्त एकीकडे कमी नको. तीन-चार आठवडे रोजच्या वापरानंतर शटरचे स्क्रू आणि हे टेन्शन पुन्हा एकदा तपासा, वाफेने आणि हलण्याने थोडं सैल होतं. आमचं डावीकडे एक फेरा द्यावा लागला.